झेरॉक्सवाल्या काकांना, उमरेडच्या पोरीकडून

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

परवा अमरावतीच्या हॉस्टेलवर सामान लावताना जुन्या वहीतून एक कागद खाली पडला. वरचा उजवा कोपरा आत दुमडलेला, त्यावर स्टेपलरची पिन. ती पिन मी अजून काढलेली नाही. कागद हातात घेतला आणि रडू आलं, म्हणून हे पत्र. तुमच्या लक्षातही नसेल, पण माझ्या मनातून ती संध्याकाळ जात नाही.

नोव्हेंबरचे दिवस होते. ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर प्रवेश न घेता, मी दुसऱ्यांदा इंजिनिअरिंगच्या सीईटीची (प्रवेश परीक्षेची) तयारी करत होते. टेस्ट सिरीजच्या निकालाची प्रिंट काढायची आणि त्यावर पालकांची सही आणायची, असा क्लासचा नियम. त्यामुळे नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तुमच्या त्या एवढ्याशा दुकानात अर्धी बॅच लोटली होती. ज्याची फाइल उघडेल त्याचे मार्क स्क्रीनवर सगळ्यांना दिसायचे आणि मागून पोरं ओरडायची. मला दोनशेपैकी 61 होते. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून मी उभी होते. परत फिरावं असं दोनदा वाटलं.

माझी फाइल आली तेव्हा तुम्ही मॉनिटर स्वतःकडे वळवून घेतलात. प्रिंट निघाली ती पालथीच उचललीत. आकड्याचा कोपरा आत दुमडलात, घडीवरून नख फिरवलंत आणि टक् करून पिन मारलीत. मागून कोणीतरी विचारलं, "किती आले तिला?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "तुझे सांगू का मोठ्यानं?" मग माझ्या हातात कागद देताना हळूच, "चुकलेले प्रश्न मागच्या पानावर आहेत बाई, ते पाह्य. आकड्याकडे काऊन पाहून राहिली?"

बस, एवढंच. पण त्या वर्षात माझी लाज राखणारे तुम्ही पहिले.

घरी गेल्यावर बाबांना मी आकडा तोंडाने सांगितला. खाणीवरून डबल ड्युटी करून आले होते. त्यांनी कागद हातात घेतला, पिनेकडे पाहिलं आणि ती न काढता खाली सही केली.

ज्या क्लासवाल्यांनी माझ्या बाबांकडून दोन वर्षांची फी मोजून घेतली, त्यांनी त्याच आठवड्यात ते 61 फोटोसकट भिंतीवर लावले. दिवाळीनंतर मला मागच्या बॅचमध्ये टाकलं. शंका विचारली की उत्तर ठरलेलं, "हे दहावीतच यायला पाहिजे होतं." दहावीपर्यंत मी उमरेडला पूर्ण मराठी माध्यमात शिकले. सीईटीचा फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतही मिळतो, गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. माझं गणित कच्चं नव्हतं काका, मी प्रश्नाच्या भाषेत अडकत होते. स्पर्शिका म्हटलं की आकृती डोळ्यांपुढे यायची, टँजंट म्हटलं की हात थांबायचा. हे दोन वर्षांत एकाही सरांनी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, तेही पानं मोजता मोजता. मग वाया गेलेल्या प्रिंटांची कोरी बाजू वर करून स्पायरल मारून दिलंत आणि म्हणालात, "मले गणित येत नाही, पण वही देता येते. एकीकडे मराठी लिही, एकीकडे इंग्रजी." ती वही मार्चपर्यंत भरली.

रविवारचं तर काय सांगू. अर्धं शटर खाली, कूलरचं तोंड माझ्याकडे, आणि बाजूला तुमचा मोबाइल नव्वद मिनिटांचा टायमर लावून. आधी नव्वद मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, ती संपल्याशिवाय गणित उघडायचं नाही, अगदी खऱ्या परीक्षेसारखं. त्या वेळात तुम्ही मशीनही चालवत नव्हता. आवाजाने माझं लक्ष जाईल म्हणून. रविवारची गिऱ्हाइकं परत जात होती, ते मला दिसत होतं. बोलायची हिंमत झाली नाही, आज बोलते.

आणि सीईटीचं ते माहितीपत्रक. त्याची कॉपी काढताना तुम्हीच बोट ठेवलंत, "यात तर मार्क कापत नाहीत लिहिलंय, मग तू बारा प्रश्न सोडून काऊन येतेस?" जेईई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेच्या सवयीने मी खात्री नसलेला प्रश्न सोडून द्यायचे. तिथे चुकलं की एक गुण जातो, इथे जात नाही. मला हे माहीत होतं, पण हात मानत नव्हता. हिंगणा रोडच्या केंद्रावर गणिताचे पन्नासच्या पन्नास सोडवले तेव्हा तुमचं बोट डोळ्यांसमोर होतं. एकेक प्रश्न दोन गुणांचा, काका.

आता इलेक्ट्रिकलला आहे. पर्सेंटाइल सगळ्यांनी विचारलं, तुम्ही फोनवर विचारलंत, "झोप लागते का आता?"

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक ते स्वतःच्या मुठीबद्दल म्हणतात. दुसऱ्याची मूठ झाकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आणि ते काही माझ्यापुरतं नव्हतं. नीटच्या (मेडिकल प्रवेशाच्या) पोरांच्या प्रिंटांवर पेन्सिलने नाव टाकून त्या वेगळ्या ठेवणं, मे महिन्यात काउंटरशेजारी माठ भरून ठेवणं, म्हाताऱ्या आजींना निराधार योजनेचा फॉर्म वाचून दाखवणं, आणि यातल्या एकाचेही पैसे न लावणं. त्या गल्लीत शंभर पोरं क्लासची पाटी पाहून शिकायला येतात. पाटीवर ज्यांचं नाव नाही त्यांनी त्यातली किती सावरली असतील, कोणी मोजलं नाही.

तुमच्या लाल वहीत माझ्या नावावर उधारी आहे. एप्रिलमध्ये शेवटचं पान पाहिलं तेव्हा 384 रुपये होते, आणि तुम्ही त्यावर हात ठेवला होता. दिवाळीच्या सुट्टीत उमरेडला जाताना आधी सक्करदऱ्याला उतरणार आहे. बाबाही सोबत येतील, त्यांना तुम्हाला भेटायचंय. पैसे घ्यावे लागतील काका. आणि तो कागद आणीन. पिन तुम्हीच काढा.

तुमची,
61 वाली