दुखणे थांबल्यावर रुग्ण काय बोलतो?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

असाध्य आजाराच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याविषयी अलीकडे बरेच छापून येते, हे चांगलेच आहे. मॉर्फीनच्या गोळीसाठी पूर्वी होणारी परवड २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून निदान कागदावर तरी कमी झाली. पण गोळीने दुखणे थांबले की रुग्ण जे बोलायला लागतो, ते ऐकायला आपल्या रुग्णालयांत नेमलेले कुणीच नसते. हे पत्र त्याविषयी आहे.

मी निवृत्त परिसेविका. नोकरीची बहुतेक वर्षे कर्करोगाच्या वॉर्डात गेली. कळ असह्य असते तोवर माणूस ‘सिस्टर, इंजेक्शन द्या’ याच्यापलीकडे काही बोलत नाही. ती उतरली की सुरू होते. ‘मी कुणाचे काय वाकडे केले होते?’ ‘भावाशी वाटणीवरून बोलणे तुटलेय, त्याला निरोप धाडाल का?’ एका बाईंना जिवापेक्षा नवसाचा घोर होता. तुळजापूरला जाऊन ओटी भरायची राहिली म्हणूनच हे दुखणे मागे लागले, असे सासरच्यांनी त्यांना ऐकवले होते. गाठ वाढतच होती आणि त्यावर हा अपराधाचा भार. त्यांच्या केसपेपरवर नाडी, रक्तदाब, लघवीचे माप असे सगळे होते. ही गोष्ट लिहायला त्यावर रकानाच नव्हता.

नातेवाइकांचे आणखी वेगळे. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना गाठून मुलगा हात जोडतो, ‘बाबांना काही सांगू नका.’ आत बाबांना सगळे ठाऊक असते. तेही सिस्टरला बजावतात, ‘पोराला कळू देऊ नका, खचेल तो.’ दोघे एकमेकांसमोर हसत बसतात, मोसंबी सोलतात, आणि सांगायचे ते राहून जाते. अशा दोघांना एका खोलीत बसवून तोंड उघडायला लावणे हे कसबाचे काम आहे. ते आपोआप होत नाही आणि गडबडीच्या राउंडमध्ये तर नाहीच नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी माणूस दुखत असतो, एकट्या शरीराकडे बघून भागत नाही, ही त्यांची मांडणी. जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे असाध्य आजारात वेदना हलक्या करणाऱ्या सेवेची, जी व्याख्या केली आहे, तिच्यातही आध्यात्मिक काळजी आहे. आपल्याकडे वांद्र्याला शांती अवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ पासून सुरू आहे. म्हणजे गोष्ट नवी नाही, परदेशीही राहिलेली नाही. मोठ्या रुग्णालयांच्या आस्थापनेत मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही.

आध्यात्मिक म्हटले की लगेच प्रवचन, टाळ आणि भिंतीवरची सुविचारांची पाटी डोळ्यांपुढे येते. माझा रोख तिकडे नाही. गळ्याच्या कर्करोगाचे एक वारकरी आजोबा रेडिएशनसाठी आले होते. या उपचारात चेहऱ्यावर-मानेवर घट्ट बसणारा जाळीचा मुखवटा घालतात, त्यामुळे गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागली. तंत्रज्ञाने ती काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवली. त्याच्या लेखी ती घड्याळ-अंगठीसारखीच एक वस्तू. आजोबा दिवसभर जेवले नाहीत. डॉक्टरांनी ट्यूब घालू म्हटले, कुणी मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा म्हटले. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी कारण काढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माळ आजोबांच्या मनगटाला दोन वेढे देऊन गॉजने बांधली आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यात घातली. आजोबा पेजेवर आले, रेडिएशनच्या पुढच्या सगळ्या बैठका त्यांनी विनातक्रार पुऱ्या केल्या. मावशी कंत्राटी होत्या. त्यांच्या पगाराविषयी न बोललेलेच बरे.

सरकारी रुग्णालयात धर्म कशाला आणता, असा आक्षेप येईल. योग्यच आहे. म्हणूनच हे काम कुण्या एका धर्माच्या माणसाकडे सोपवू नये. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत या कामासाठी ख्रिस्ती धर्मगुरूंबरोबर मुस्लिम आणि हिंदूही नेमलेले असतात. कोणताच धर्म न मानणाऱ्यांसाठी तशीच माणसे असतात. आपल्या वॉर्डात एका कॉटवर हरिपाठ म्हणणारा, शेजारी कलमा पुटपुटणारा, पलीकडे त्रिशरण घेणारा आणि खिडकीशी ‘मला यातले काही नको, फक्त माझ्याशी राजकारणावर बोला’ म्हणणारा असे चौघे सहज सापडतात. रुग्णाला आपण काही द्यायचे नसते. त्याला कशाचा आधार वाटतो हे विचारायचे आणि त्याच्या आड यायचे नाही. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी तर यासाठी मोजकेच प्रश्न घालून दिले आहेत. भरतीच्या वेळी मधुमेह, रक्तदाब विचारतो तसेच तेही विचारता येतात.

आपण विचारत नाही तेव्हा दुसरे कुणीतरी विचारते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर अंगारे-धुपारे, ‘हमखास गुण’ देणारी जडीबुटी आणि भविष्य सांगणारे उभेच असतात. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच. पण कायदा भोंदूला पकडेल. भेदरलेल्या बायकोशेजारी अर्धा तास बसणार नाही.

अतिदक्षता विभागाचे नियमही जरा सैल करायला हवेत. आता उपचाराने काही साधणार नाही हे सर्वांना कळलेले असतानाही नातेवाइकांना काचेतूनच पाहायला लावतात. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या तोंडात पाणी घालता येत नाही, ते फुप्फुसात उतरू शकते, हे खरे. पण ओल्या कापसाने ओठ टिपता येतात. तो कापूस मुलीने गंगाजलात भिजवला किंवा झमझमच्या पाण्यात, शेवटच्या तासांत त्याने वैद्यकशास्त्राचे काय बिघडते?

हे करायचे कुणी? समाजसेवा अधीक्षक हे पद आपल्याकडे आहे, पण त्यांचा दिवस जन आरोग्य योजनेची कागदपत्रे आणि रेशनकार्डाच्या भानगडी निस्तरण्यात जातो. परिचारिकांनी करावे म्हणाल, तर रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटी मुलगी सलाईन बदलेल की गाऱ्हाणी ऐकेल? केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे धोरण केले आणि ग्रामपंचायती व स्वयंसेवकांना धरून घरोघरी सेवा पोचवली. प्रशिक्षण घेतलेले गावचेच लोक रुग्णाच्या उशाशी जाऊन बसतात. आपल्याकडे गावोगाव भजनी मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांतल्या निवडक लोकांना शिकवून घेणे अवघड नाही. ऐकताना मध्ये न बोलणे आणि ‘प्रारब्ध’ हा शब्द तोंडातून न काढणे एवढे जमले तरी निम्मे काम झाले.

आरोग्य विभागाने अशी पदे कधी मंजूर केलीच, तर एक विनंती. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अशी कार्यालयीन वेळ त्यांना लावू नये. त्या वेळात राउंड असतात, तपासण्या असतात, भेटायला येणाऱ्यांची रांग असते. रुग्ण बोलतो तो दिवे मंद झाल्यावर, रात्री अकराच्या पुढे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा