जाहीरनाम्यात आहे, भोंग्यावर नाही

महोदय,
समलिंगी विवाहाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी संसदेवर सोडला. म्हणजे हा प्रश्न आता निवडणुकीचाच. काँग्रेसच्या २०२४च्या जाहीरनाम्यात अशा जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता देण्याचे आश्वासन होते. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयकही मांडले होते. नागपुरात मात्र प्रचाराच्या भोंग्यावर त्यातले अवाक्षर कानी आले नाही. जातीनिहाय मेळावे रग्गड झाले. समलिंगी मतदारांची वेगळी वस्ती नाही, गठ्ठा मते नाहीत, बूथवरच्या कार्यकर्त्याला यादीत खूण करता येत नाही. मग विचारतो कोण? पण त्यांचे आईबाप, भावंडेही मतदार आहेत (हे उमेदवार सोयीने विसरतात). मनपाच्या प्रचाराला दारी येणाऱ्यांनाही मी विचारणारच: दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर जोडीदाराची सही चालेल का?
– एक मतदार, धरमपेठ, नागपूर