मोठ्या चाकांना सरसकट दंड नको, बिलावर पूर्ण माप हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मडगावच्या एका वाचकाचे पत्र परवाच आपल्या दैनिकात वाचले. मडगार्डच्या बाहेर आलेल्या रुंद टायरने स्कूटरवरच्या त्यांच्या अंगावर चिखल उडवला, म्हणून मूळ चाके बदललेली प्रत्येक गाडी आरटीओने जप्त करावी, अशी त्यांची मागणी आहे. त्यांच्या कपड्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. पण फोंड्याला कुर्टीत माझे टायर आणि अलाइनमेंटचे दुकान आहे आणि चाके बदलण्यावरच माझे घर चालते, तेव्हा मी काही तटस्थ माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

मोठ्या रिमची चाके म्हणजे बेकायदा, असे सरसकट म्हणता येत नाही. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाडीचे उदाहरण घ्या. एकाच पिढीच्या या गाडीला कंपनीने स्वतःच २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७ आणि तिच्या वेगवान आवृत्तीला, म्हणजे व्हीआरएस २४५ला, २२५/४० आर १८ असे टायर दिले. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), तिसरा रिम इंचात. हिशेब करून पाहा: तिन्ही चाकांचा पूर्ण व्यास ६३२, ६३४ आणि ६३७ मि.मी. येतो. म्हणजे चाक जवळजवळ तेवढेच राहिले. रिम वाढली आणि रबर घटले. साइडवॉल ११३ वरून १०१ वर आणि तिथून ९० वर आली. रबर कमी वाकते म्हणून वळणावर स्टिअरिंग लगेच ऐकते, हे खरे आहे, आणि चोर्ला घाटात ते जाणवतेही. पण खड्ड्याचा दणका सोसायलाही तेच रबर असते. आमच्या पोरांना पहिली गोष्ट पाठ असते, दुसरी कोणी सांगत नाही.

गेल्या श्रावणात म्हापशाचा एक मुलगा अशीच व्हीआरएस घेऊन आला. "काका, ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते, तीनदा बॅलन्सिंग केले." चाके २३५/३५ आर १९, रिमची रुंदी साडेआठ इंच, ऑफसेट ३५ (रिमच्या मध्यरेषेपासून तिची हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, टेकणारी बाजू किती मि.मी. बाहेर आहे तो आकडा). कंपनीची रिम साडेसात इंच, ऑफसेट ५१. आता गणित असे, की एक इंच जास्त रुंदीचा अर्धा भाग, म्हणजे साडेबारा मि.मी.च्या वर, बाहेरच्या बाजूला गेला. ऑफसेट १६ने कमी, तेवढे सगळे चाक आणखी बाहेर. मिळून रिमची कड जवळपास २९ मि.मी. बाहेर आली. मडगार्डच्या कडेने टायरचा खांदा रंधा मारावा तसा तासला गेला होता आणि आतले प्लास्टिक फाटून लोंबत होते. मडगावच्या वाचकावर चिखल उडवणारी गाडी बहुधा अशीच असणार.

चाक मशीनवर चढवले तर रिमची आतली कड प्रत्येक फेरीला डुलत होती. बाहेरून सगळे चकाचक, वाकलेली होती ती आतून, जिथे धुणारासुद्धा हात घालत नाही. शेजारीच साइडवॉलवर फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. त्याला पॅच नसतो, ठिगळ नसते, टायर फेकायचा. साइडवॉल ८२ मि.मी., टायर एक्सएल, म्हणजे पूर्ण भार पेलायला जास्त हवा लागणारा, आणि या पठ्ठ्याने गाडी मऊ चालावी म्हणून हवा ठेवली होती ३०. त्यात हब रिंग नव्हत्या. या गाडीच्या हबचा व्यास ५७.१ मि.मी., बाजारातल्या बऱ्याच मॅगव्हीलचे, म्हणजे अलॉय रिमचे, भोक ७३.१. मधली जागा भरणारी रिंग नसेल तर चाक केंद्रात बसेलच याची खात्री नाही, मग बॅलन्सिंग तीनदा करा नाहीतर तीसदा. बोल्टही कंपनीचेच वापरलेले. त्यांचे बूड गोल, या रिमची बैठक मात्र निमुळती. असे बोल्ट कितीही आवळले तरी सैल व्हायची भीती राहते. या शेवटच्या गोष्टीने मला घाम फुटला. फुगा निदान दिसतो तरी.

सेट लावून देणाऱ्याने दिलेले बिल मी मागून घेतले. त्यावर एवढेच: "अलॉय १९, चार नग". ना ऑफसेट, ना रिमची रुंदी, ना टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा.

त्या मुलाला मी २२५/४५ आर १७ वर आणले, मूळ ऑफसेटच्या आसपास. याहून खाली जाता येत नाही, या मॉडेलच्या पुढच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारा भाग, रिमला लागतो. गाडी दिसायला साधी झाली म्हणून तो थोडा हिरमुसला. होऊ दे.

सगळ्यांनाच नाही म्हणतो असे नाही. १८५/६५ आर १५ वाल्या स्विफ्टला १९५/५५ आर १६ मी आनंदाने घालतो. व्यास ६२१.५ आणि ६२०.९, फरक एक मिलिमीटरही नाही. मात्र तिथेही भारांक पाहतो: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. मूळ आकड्याच्या फार खाली जाणाऱ्याला मी परत पाठवतो. व्यासात तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक मी करत नाही. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, चाक वाढले की तो खरा वेग कमी दाखवतो. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या एबीएसलाही चारही चाकांचा घेर सारखा लागतो.

आणि पाऊस. वर्षाला तीन हजार मि.मी.च्या आसपास पाऊस पडणाऱ्या राज्यात रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूत कोरड्या रस्त्यापुरती ठीक. साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि तो अरुंद टायरपेक्षा आधी तरंगतो. नियमाने खाचांची खोली किमान १.६ मि.मी. हवी. माझ्या मते जूनमध्ये तीनच्या खाली असलेला टायर बदलावा. रिमवर उडवायचे पैसे चांगल्या रबरावर खर्च केले तर तीच गाडी ओल्या रस्त्यावर आधी थांबते. टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात चार वर्षे पडून राहिलेला "नवा" टायर घेऊ नका.

कायद्याचे म्हणाल तर गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच, आणि नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीला हे लगेच आठवते. म्हणून कंपनीने त्या मॉडेलला कुठली मापे दिली आहेत, ते दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये आधी पाहावे.

तेव्हा वाहतूक खात्याला माझी विनंती जप्तीची नाही. मडगार्डबाहेर आलेले चाक, फुगा आलेला आणि गुळगुळीत झालेला टायर रस्त्यावर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यावर चलन फाडा. काळ्या काचा शोधायला जेवढा वेळ देता, त्यातला थोडा इकडे द्या. आणि मॅगव्हील विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला, मलाही, बिलावर रिमची रुंदी, ऑफसेट, हबचे भोक, टायरचे पूर्ण माप, भारांक आणि बनावटीचा आठवडा लिहिणे सक्तीचे करा. मी लिहायला सुरुवात केली आहे. बिल एका ओळीने लांबते, गिऱ्हाईक पाच मिनिटे जास्त थांबते आणि त्यातले काही जण १८ मागायला आलेले १६ घेऊन जातात. धंद्याला थोडी खोट बसते, ती मी सोसतो. शेजारचा दुकानदार सोसायला तयार नाही, म्हणूनच सक्ती हवी.

आपला,
एक टायरवाला, कुर्टी, फोंडा