बाबा, पेरू का सोडलात?

ती. आई-बाबांना सा. न.

गणपतीत घरी आले होते तेव्हाच बोलायचं होतं, पण माणसांच्या वर्दळीत राहून गेलं. बाबा, पेरूची फोड उचलून तुम्ही परत ताटलीत ठेवलीत. सकाळी बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली. विचारलं तर म्हणालात, "त्या बाजूला रक्त येतं, म्हणून ब्रश लावतच नाही. बोटाने मीठ चोळतो."

बाबा, रक्त ब्रशमुळे येत नाही. दाताच्या कडेला साचलेल्या चिकट थरातल्या जंतूंनी हिरडी सुजते, म्हणून येतं. ती बाजू घासणं सोडलं की थर वाढतो आणि लाळेतल्या क्षारांनी त्याचं दगडासारखं कीटण होतं. मग ते मिठालाही दाद देत नाही नि ब्रशलाही. सूज हिरडीपुरती असेल तर नीट सफाईने ती पूर्ण उतरते. तसंच सोडलं, तर पुढे हिरडी दातापासून सुटू लागते. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच निरोगी हिरडीत 3 मिलिमीटरपर्यंत खोल असते. ती त्याहून खोल गेली की तळातली घाण घरच्या ब्रशने निघत नाही. आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं, आणि झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. एवढं सगळं होतं, पण बहुतेकदा दुखत नाही. आजीचे दात एकेक करून हलून पडले. किडलेला एकही नव्हता, तरी आपण सगळे "वय झालं" म्हणत राहिलो. ते आठवलं की मला फार वाईट वाटतं.

त्यात तुम्हाला साखर. मधुमेहात हा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही लवकर आटोक्यात येत नाही.

आई, मशेरीने दात स्वच्छ राहतात असं तू म्हणतेस, पण ती भाजलेली तंबाखूच गं. तिने हिरडी मागे सरकते, मुळं उघडी पडतात. कॅन्सरची धास्ती तर आहेच. सोड ना.

दात साफ करून घेतले की हलतात, हे काकूंचं म्हणणं मनातून काढा. कीटण निघालं की फटी दिसतात, थोडे दिवस गार पाणी झोंबतं, इतकंच. दात हलतो तो हाड झिजल्यामुळे.

शनिवारी येते, दोघांनाही दाताच्या डॉक्टरांकडे नेते. बाबा, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त चिठ्ठी जवळ ठेवा. ती त्यांना आधी दाखवू. तोवर मऊ ब्रश आणा आणि त्या बाजूलाही हळूच फिरवा, रक्त आलं तरी.

तुमची लेक