संडेस्कूलच्या बाईंना, जाहीर थँक यू

बाई, सलाम.

तुम्ही नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, चर्चचंही नाही. पण लिहायचं मात्र आहेच, कारण तोंडावर सांगायला गेले की मला रडू येतं आणि तुम्ही लगेच 'अहो काय एवढं' म्हणत सतरंज्या गोळा करायला लागता.

आमचं वर्ष कसं गेलं ते तुम्हाला माहितीये, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पंचहौदच्या घंटा ऐकू येतील इतक्या जवळ आमचा वाडा होता (हो, तेच पंचहौद मिशन, १८९० मध्ये जिथल्या चहापानावरून टिळक-रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं). वाडा रिडेव्हलपमेंटला गेला, आम्ही वाघोलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, लेकीची शाळा बदलली, आणि हे कमी होतं म्हणून की काय पावसाळ्यात सासूबाई गेल्या. लेक त्यांच्याच कुशीत झोपायची. आपल्याला ह्या तीन-चार वेगळ्या गोष्टी वाटतात, पोरांना एकच वाटते, की सगळं चाललंय, आता माझा नंबर कधी.

मग सांत्वन करणारे आले. बायबलमधल्या ईयोबाला दुःखात असे तीन मित्र मिळाले होते, आम्हाला जरा जास्तच मिळाले. एकजण म्हणाले, देवाला चांगली माणसं आवडतात ना, म्हणून त्याने आजीला नेलं. ते चहा पिऊन गेले, आणि रात्री लेक मला म्हणते, आई, तू जास्त चांगली वागू नकोस. एका पाहुण्या उपदेशकांनी तर प्रार्थनेत विश्वास कमी पडला असेल असं तिच्या समोरच सांगून टाकलं. सात वर्षांची पोर आजीच्या उशाशी बसून हात जोडते आणि तिचा विश्वास कमी पडतो! अजून आठवलं की माझे हात शिवशिवतात, देव मला क्षमा करो. शाळेतही तेच, 'हळूहळू विसरेल' म्हणाले. विसरायला तिला सांगितलं कोणी होतं?

आणि 'देव कधी बदलत नाही बेटा' हे तर सगळ्यांच्याच तोंडी. वाक्य खरंच आहे, बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ख्रिस्ताबद्दल तेच लिहिलंय, आमच्या जुन्या घरात दाराच्या वर त्याची फ्रेम होती. पण पोरीने ऐकलं काय, तर देव बदलत नाही म्हणजे देव काही बदलू देत नाही. मग वाडा पाडला कोणी? आजी कुठंय? म्हणजे एकतर देव बदलला, नाहीतर तो त्या वाड्यातच राहिला. तिने प्रार्थना सोडली. आम्ही डोळे मिटायचो आणि ही टक्क बघत बसायची.

अशी ती तुमच्या वर्गात आली आणि दारातच बसली. तुम्ही तिला आत ओढली नाहीत, चॉकलेट दाखवलं नाहीत, बाहेर येऊन तिच्या शेजारी फरशीवर बसलात आणि विचारलंत, "तुझी आजी प्रार्थना कशी करायची गं?" बस, एवढंच. आजी कशी गेली, कधी गेली, तुला आठवण येते का, काही नाही. आणि ती बोलायला लागली. सासूबाईंची प्रार्थना ठरलेली असायची, आधी आजारी माणसं, मग परीक्षेची पोरं, मग पीएमटीचे ड्रायव्हर (पीएमपीएमएल त्या शेवटपर्यंत कधी म्हणाल्याच नाहीत), आणि सगळ्यात शेवटी गल्लीतली कुत्री आणि मांजरं. तुम्ही ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलंत. मला वाटलं, तिला बोलतं करायला लिहितायत.

पुढच्या रविवारी वर्ग सुरू करताना तुम्ही तीच प्रार्थना केलीत. तशीच्या तशी, पीएमटीच्या ड्रायव्हरांसकट. पोरं खुदखुदायला लागली, तुम्ही थांबला नाहीत आणि त्यांच्यावर चिडलाही नाहीत. शेवटी म्हणालात, "आणि गल्लीतली मांजरं, कुत्री..." तर दारातून आवाज आला, "कुत्री आधी!" तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "चुकलं देवा, कुत्री आधी," आणि पुढे आमेन. बाई, मी बाहेर चपलांपाशी उभी होते. इतक्या महिन्यांत कितीतरी जण आमच्यासाठी प्रार्थना करून गेले, पण सासूबाईंचे शब्द जपून ठेवावेत असं एकालाही वाटलं नव्हतं. नंतर तुम्ही तिला एवढंच म्हणालात की आजी ज्याच्याशी बोलायची तोच आत्ता ऐकत होता. त्या दिवशी ती आत येऊन बसली.

तुमचं अजून एक मला फार पटतं, तुम्ही गोड करून सांगत नाही. आजी परत इथे येणार नाही, वाडा परत उभा राहणार नाही, हे तुम्ही तिला आधी सांगितलंत, देवाचं नंतर. नव्वदावं स्तोत्र शिकवलंत तेही असंच. ते मोशेच्या नावावर आहे, म्हणजे टोपलीत घालून नदीत सोडलेला, राजवाड्यात वाढलेला, तिथून पळालेला, आणि मग चाळीस वर्षं लोकांना घेऊन रानात तंबू ठोकत फिरलेला माणूस, ज्याला घराचा पत्ताच नाही, तो म्हणतो की देवा, पिढ्यानपिढ्या आमचं घर तूच. आणि ती मान्नाची गोष्ट, म्हणजे रानात देव रोज आकाशातून द्यायचा त्या अन्नाची! रानात जन्मलेल्या पोरांनी रोज सकाळी मान्नाच पाहिला होता, आणि कनानात, म्हणजे देवाने देऊ केलेल्या देशात पोचून तिथलं धान्य खाल्लं तसा तो बंद झाला. तुम्ही वर्गाला विचारलंत, त्या पोरांना काय वाटलं असेल? आमची म्हणाली, देव गेला असं वाटलं असेल. तुम्ही म्हणालात, हो, असेल वाटलं. तिला 'असं बोलू नये' न म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग विचारलंत, पण ते धान्य उगवलं कोणी?

केडगावचं सांगितलंत तेव्हाही तसंच. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली तिथे आपल्या आश्रमात आणल्या, त्यांना घर नवं, माणसं नवी, सगळंच नवं. एका मुलाने विचारलं, त्यांचे आईबाबा मग भेटले का? तुम्ही म्हणालात, पुष्कळजणींचे नाही भेटले. तेवढंच बोलून गप्प बसलात, आणि पोरं झेपवतात हो, आपल्यालाच झेपत नाही.

सगळं मस्त झालंय असं अजिबात नाही. ती अजून लाईट चालू ठेवून झोपते, पेठेतून गेलो की वाड्याच्या जागेचा पत्रा दिसू नये म्हणून मान फिरवते. पण रात्री आजीची लिस्ट म्हणते, आणि त्यात हल्ली तिने नगर रोडवरचे डंपरवाले घातलेत, ते बरे चालवोत म्हणून. ही प्रार्थना वाघोलीकरांनी सगळ्यांनीच करायला हरकत नाही.

जगात अशी माणसं असतात बाई, फक्त ती स्टेजवर नसतात. शिफ्टिंगला आलेला टेम्पोवाला आठवतो, सासूबाईंची बायबल आणि चष्म्याचा डबा सामानात न टाकता त्याने पुढे स्वतःच्या शेजारी ठेवला होता, कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तुमचं माहितीये पण लिहायची परवानगी नाही!

जूनमध्ये तिचा वर्ग बदलणार आणि तुम्ही तिच्या बाई नसणार हे तिला कळलंय, त्यावरून घरात रुसवा चालू आहे. ते तुम्हीच तिला सांगा, तुमच्या पद्धतीने, आधी खरं काय ते आणि मग बाकीचं. आणि नाताळात करंज्या घेऊन येतोय, सासूबाईंच्या मापाच्या. 'अहो कशाला' म्हणायचं नाही.