पेन्सिल्व्हेनियात पहिल्यांदा मत देणाऱ्या लेकीला

एडिसन, न्यू जर्सी
६ ऑक्टोबर २०२४

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ती ऑनलाइन चाचणी मीही सोडवली. प्रश्नांवर टिचक्या मारत गेलं की शेवटी तुमचं कुणाशी किती टक्के जुळतं ते सांगते. करमणूक म्हणून ठीक आहे. पण तिच्यात गर्भपाताचा कायदा आणि वेटरच्या टिपवरचा कर यांना सारखेच गुण, आणि टिपवर कर नको असं तर रिपब्लिकन ट्रम्प आणि डेमोक्रॅट हॅरिस दोघंही म्हणतायत! त्या टक्क्यांवर मत ठरवू नकोस.

राष्ट्राध्यक्षाच्या या निवडणुकीत मी कुणाला मत देणार ते सांगणार नाही. बाबांचं आणि माझं यंदा पटत नाहीये, रोज जेवताना जुंपते, त्यात तुला ओढायचं नाही. (बाबा स्वतःहून फोन करून सांगतीलच, ते वेगळं.) मी दोघांची आश्वासनं कशी पाहते तेवढं लिहिते. कुठलंही आश्वासन ऐकलं की आधी विचारायचं: हे राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीने होतं, की काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, दारात जावं लागतं?

माझ्या फार्मसीतलंच उदाहरण घे. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावरच्या आजीआजोबांना इन्सुलिन आता महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाही. जूनच्या वादचर्चेत ट्रम्प म्हणाले, हे मी केलं. हॅरिसच्या बाजूचे म्हणतात, आम्ही केलं. काउंटरवर यावरून दोन गिऱ्हाईकं माझ्यासमोर भांडलीत. खरं असं की ट्रम्प यांच्या काळात, २०२१ च्या जानेवारीपासून, एक योजना सुरू झाली होती; पण विमा कंपन्यांनी तिच्यात यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर होतं. सगळ्या मेडिकेअरवाल्यांना ती मर्यादा मिळाली ती २०२२ च्या कायद्याने, २०२३ पासून. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष म्हणून हॅरिस यांनी निर्णायक मत टाकलं. म्हणजे ट्रम्प यांचा दावा निव्वळ थाप नाही, पण श्रेयाचा वाटा त्यांच्या बोलण्याइतका मोठाही नाही.

आता हॅरिस म्हणतात, ही मर्यादा सगळ्यांनाच लावू. ऐकायला छान. पण खाजगी विम्यावाल्यांना तीच सवलत द्यायचा प्रयत्न त्याच वेळी झाला होता. सात रिपब्लिकन सोबत आले, ५७ विरुद्ध ४३ मतं पडली, तरी पडला, कारण ६० लागत होती. तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्न ‘तुम्हाला हे हवंय का’ हा नव्हेच. साठ मतं कुठून आणणार, हा आहे. आणि ट्रम्प यांना? सप्टेंबरच्या चर्चेत ओबामाकेअर या ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याच्या जागी काय आणणार असं विचारल्यावर ते म्हणाले की माझ्याकडे योजनेच्या कल्पना आहेत. नऊ वर्षं राजकारणात काढून, त्यातली चार व्हाइट हाउसमध्ये, नुसत्या कल्पना! मी औषधं देणारी बाई, मला हे उत्तर चालत नाही.

बाबांचा विषय म्हणजे कर. घरपट्टी आणि राज्याचा कर मिळून केंद्राच्या करात १० हजार डॉलरच्या वर वजावट मिळत नाही, म्हणून दर एप्रिलमध्ये ते कुणाला तरी शिव्या घालतात. ती मर्यादा २०१७ च्या कायद्यातली, ज्यावर ट्रम्प यांनीच सही केली. आता गेल्या महिन्यात ते म्हणाले, ती काढून टाकू. तो कायदाच बराचसा २०२५ च्या अखेरीस संपतोय, त्यामुळे कुणीही जिंकलं तरी काँग्रेसला हात घालावाच लागणार. ४ लाखांच्या आत कमावणाऱ्यांचा कर वाढवणार नाही हे हॅरिस यांचं वचनही तिथेच अडकणार किंवा सुटणार. पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलरची मदत, तीही तिथेच.

आयातशुल्काचं मात्र तसं नाही. २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के लावले ते १९६२ च्या एका कायद्याचा आधार घेऊन, काँग्रेसला न विचारता. म्हणून सगळ्या आयातीवर १० ते २० टक्के आणि चीनच्या मालावर ६० टक्के हे ट्रम्प यांचं बोलणं मी खूप गंभीरपणे घेते. हॅरिस त्याला तुमच्यावरचा विक्रीकर म्हणतात. पण त्यांच्याच सरकारने चीनवरचे जुने कर काढले नाहीत, उलट मे महिन्यात चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के जाहीर केले, हेही ध्यानात असू दे.

न्यायाधीशांचंही तसंच. तिथे सिनेटची मान्यता लागते, पण ती साध्या बहुमताने मिळते. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नावांची यादी आधीच छापली होती. लोक हसले. पुढे तिघं नेमले गेले आणि जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क देणारा ‘रो विरुद्ध वेड’ हा निकाल रद्द झाला. आता ते म्हणतात राज्यांनी काय ते ठरवावं. देशभराची बंदी आली तर रोखाल का, याचं उत्तर सप्टेंबरच्या चर्चेत टाळलं, आणि परवा १ तारखेला लिहून टाकलं की हो, रोखेन. तीन आठवड्यांपूर्वीच्या माणसावर विश्वास ठेवायचा की आत्ताच्या, ते तू ठरव. हॅरिस यांचंही तसंच एक आहे: २०१९ मध्ये फ्रॅकिंग (जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढणं) बंद करा म्हणत होत्या, आता नाही म्हणतात. तुझ्या पिट्सबर्गच्या आसपास किती जणांची पोटं त्यावर आहेत हे पाहिलं की कारण कळतं.

आणि तुझ्या मैत्रिणीचं, जी एकविसाव्या वर्षी एच-४ वरून, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर मिळालेल्या व्हिसावरून, बाहेर पडेल. पदवीबरोबर ग्रीन कार्ड देऊ असं ट्रम्प जूनमध्ये एका पॉडकास्टवर म्हणाले आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पेढे वाटायचे बाकी राहिले. काही तासांतच त्यांच्या प्रचारवाल्यांनी अटी जोडल्या. ग्रीन कार्डांपैकी एका देशाला सात टक्के ही मर्यादा कायद्यातली आहे, ती सहीने जात नाही. सहीने काय होतं ते आपण त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत पाहिलं: एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला मिळणारे नकार वाढले. हॅरिस यांनी ग्रीन कार्डच्या या रांगेबद्दल काही ठोस बोललेलं माझ्या तरी कानावर नाही. त्यांचं सगळं बोलणं फेब्रुवारीत सिनेटमध्ये पडलेल्या, सीमेच्या बंदोबस्ताच्या विधेयकाचं.

साताऱ्याहून आजी विचारत होत्या, ‘एवढं काय त्यात, आम्हाला प्रतिभाताईंच्या वेळी कुणी विचारलंसुद्धा नाही!’ त्यांना आमदार-खासदार मत देतात ते माहीत आहे, मुद्दाम डिवचतात.

तू मत कुठे देतेस याने फरक पडतो. एडिसनचा पत्ता ठेवलास तर न्यू जर्सी १९९२ पासून एकाच बाजूला आहे. पिट्सबर्गला नोंदवलंस तर १९ इलेक्टोरल मतांचं (राष्ट्राध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) राज्य, जिथे २०२० मध्ये ८० हजारांचं आणि २०१६ मध्ये जेमतेम ४४ हजारांचं अंतर होतं. त्या वर्षी ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना तिथे जवळपास ५० हजार मतं पडली होती. यंदाही त्या आहेत, आणि लिबर्टेरियन चेस ऑलिव्हरही. त्यांना द्यायचं तर दे, पण हा आकडा माहीत असून दे. कॉलेजच्या पत्त्यावर नोंदवायचा तुला पूर्ण हक्क आहे. दोन्हीकडे मात्र नाही.

नोंदणी २१ ऑक्टोबरपर्यंत. पोस्टाने हवं असेल तर अर्ज २९ पर्यंत, पण इतकी वाट पाहू नकोस. मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय लिफाफ्यात घालायची, मग बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेर सही व तारीख. आतला लिफाफा विसरलीस तर मत बाद. ५ नोव्हेंबरला रात्री आठच्या आत ती निवडणूक कार्यालयाच्या हातात पोचलेली असावी लागते, नुसता पोस्टाचा शिक्का चालत नाही. प्रत्यक्ष जाणार असशील तर पहिली खेप म्हणून ओळखपत्र बरोबर ठेव.

तुझी,
आई