जिम्बोचोच्या मास्टरांना, आईच्या वतीनं

आदरणीय मास्टर,

तुमच्या टोकियोतल्या कॉफीच्या दुकानातली नेहमीची माणसं तुम्हांला याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही मारते. एवढं सगळं लिहिण्याइतकी माझी जपानी अजून झालेली नाही. एक मैत्रीण हे पत्र तुम्हांला वाचून दाखवणार आहे.

जूनच्या पावसात आम्ही मायलेकी पहिल्यांदा आलो, तेव्हा कॉफी मनातही नव्हती. जुन्या पुस्तकांची दुकानं बघायला निघालो होतो. स्टेशनच्या जिन्यांनी आईचे गुडघे धरले आणि कुठेतरी टेकायला हवं होतं. तुम्ही आमच्या ओल्या छत्र्या घेतल्यात, आईला भिंतीला पाठ टेकेल अशी कडेची खुर्ची दिलीत आणि आधी हात पुसायला गरम टॉवेल पुढे केलात.

आईला सांगलीहून येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. घरी जिला विचारल्याशिवाय पान हलत नाही, तिला आमच्या निशी-कासाई भागातल्या दुकानात मीठ कुठलं आणि साखर कुठली हे कळत नव्हतं. "मी तुला नुसती अडचण झालेय गं," असं ती रोज म्हणायची. मी रोज नाही म्हणायचे. तिला ते पटत नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही पाण्यात ठेवलेलं कॉफी गाळायचं फलालीनचं फडकं काढलंत, पिळलंत, टॉवेलमध्ये दाबून टिपलंत. गडद भाजलेल्या बियांची ताजी पूड त्यात घातलीत आणि उकळी उतरलेलं थोडंसं पाणी वर सोडून थांबलात. पूड फुगून वर आली. या थांबण्याला 'मुराशी' म्हणतात, आत कोंडलेला वायू निघून गेला की मगच पाणी पुडीत नीट मुरतं, हे तुम्ही मला दोनदा सावकाश सांगितलंत. मग ती बारीक धार, मधून सुरू होऊन गोल गोल फिरणारी. आई एकटक बघत होती. म्हणाली, "पिंडीवरच्या अभिषेकासारखी आहे बघ, तुटत नाही."

आई जन्मभर जायफळ घातलेली दुधाची कॉफी पीत आलेली. तिनं ती काळी कॉफी घोटाघोटानं संपवली. कागदात तेल अडकतं, कापडातून थोडं उतरतं, म्हणून ही अशी दाट लागते, हे तुमच्याकडूनच कळलं. निघताना तिनं स्वतःहून विचारलं, "परत कधी यायचं?" तीन आठवड्यांत कुठे जायचं असं तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकान रिकामं होतं. तुमची धार बघता बघता आईचा हात काउंटरवर हलायला लागला होता, तिच्या नकळत. माझं लक्षही नव्हतं. तुमचं होतं. तुम्ही काहीही न बोलता तिला आत बोलावलंत आणि बारीक तोटीची ती किटली तिच्या हातात दिलीत. "आता हात कापतो हो माझा," ती मराठीतच म्हणाली. मी सांगितलं, तेव्हा तुम्ही सेकिगुची इचिरोंची गोष्ट काढलीत. 1948 साली टोकियोतल्या गिन्झात 'काफे दे लांब्र' हे कॉफीचं दुकान उघडणारे सेकिगुची 2018 साली गेले, तेव्हा 103 वर्षांचे होते. त्यांच्यापुढे ती अजून लहानच आहे, असं तुम्ही आईला म्हणालात, आणि ती खळखळून हसली.

मग तिनं धार धरली. चाळीस वर्षं रोज सकाळी दारात चिमटीनं रांगोळी सोडणारा हात आहे तो, मास्टर. धार कुठे जाड झाली नाही, कुठे तुटली नाही. पूड घुमटासारखी वर आली. तुम्ही "जोझु" म्हणालात, कौतुकानं आणि गंभीरपणे, एका कसबी माणसानं दुसऱ्याला म्हणावं तसं. भाषांतराची गरज पडली नाही. ती कॉफी तुम्ही स्वतः प्यायलात, आणि जाताना तिच्यापुढे इतकं खाली वाकलात की आईला काय करावं सुचेना. तिनं तुम्हांला दोन्ही हात जोडले.

उरलेले दिवस घरात वेगळीच आई होती. आम्ही आणखी तीनदा आलो. सहल म्हणून माउंट फुजीही बघितला, पण गावाकडे फोनवर तिनं वर्णन केलं ते तुमच्या काउंटरचं. तो आठ खुर्च्यांचा, कोपराच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला.

मी तिला आणून सोडलं होतं फक्त. तिच्या हातात काय आहे हे तुम्ही ओळखलंत. मनापासून आभार.

आई आता सांगलीला आहे. चिकमगळुरच्या बिया मागवते आणि तुम्ही दिलेल्या फडक्यातून कॉफी गाळते. कापड वाळलं की तेल खवट होतं हे तिच्या पक्कं लक्षात आहे, ते ती पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवते आणि पाणी रोज बदलते. शेजारच्या काकूंनाही शिकवलंय. तिनं तुम्हांला नमस्कार सांगितलाय आणि एक विचारलंय: पाणी आता जरा सावकाश उतरतंय, तर फडकं बदलायची वेळ झाली का? मी शनिवारी येते, तेव्हा सांगा. दोन नवी फडकीही बांधून ठेवा.

आपली,
पावसात आईला घेऊन आलेली मुलगी